बंद बॉक्साईट खाणीखालचा ओढा: पाणी तपासायचं कसं आणि सुधारायचं कुठून

मृगाचे दोन-तीन पाऊस पडले की सड्याखालच्या ओढ्यांना तांबडं पाणी येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात सडा म्हणजे जांभ्याचं सपाट पठार, आणि त्याच जांभ्यात बॉक्साईट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज. काही सड्यांवर ते काढून झालंय. मशिनं गेली, ट्रक थांबले, मागं खड्डा आणि मातीचे ढीग राहिले. अशाच एका सड्याखालच्या वाडीत एका आण्णांनी मला विचारलं होतं, "मास्तर, पानी तांबडं हाय म्हंजे इख हाय व्हय?"

मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, तरी तेव्हा माझ्याकडं धड उत्तर नव्हतं. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन ओढे तपासायची सवय लागली. त्यातून जे कळलं ते इथं क्रमानं सांगतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. बहुतेक गावं खालून सुरुवात करतात: ओढ्यात बंधारा घाल, टाकीला फिल्टर बसव. पण अशा ठिकाणचं निम्मं काम माथ्यावर असतं, पावसाचं स्वच्छ पाणी खाणीत शिरूच न देण्यात. ते नेमकं कुठून शिरतं हे कळायला तपासणी लागते.

आधी खाण कसली ते बघा

जगभर बंद खाणींच्या पाण्याची जी भीती असते ती मुख्यतः गंधकयुक्त खनिजांची. तांबं, शिसं, जस्त, सोनं यांच्या खाणीत बहुतेक वेळा पायराईट असतं, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचं संयुग. त्याला हवा आणि पाणी मिळालं की गंधकाम्ल तयार होतं, ते आम्ल दगडातले आणखी धातू विरघळवतं, आणि खाण बंद होऊन शंभर वर्षं झाली तरी हे चालूच राहतं. अमेरिकेतल्या कोलोराडोत ५ ऑगस्ट २०१५ ला गोल्ड किंग नावाच्या जुन्या खाणीचं तोंड तपासताना आत तुंबलेलं पाणी फुटलं आणि सुमारे ३० लाख गॅलन, म्हणजे एक कोटी लिटरहून जास्त, धातुमिश्रित पाणी ॲनिमस नदीत गेलं. नदी पिवळी-नारिंगी झाली. काम तिथल्या पर्यावरण खात्याच्याच देखरेखीखाली चाललं होतं. म्हणून पहिला नियम: बुजलेलं तोंड, भरलेला खड्डा, तुंबलेलं पाणी यांना स्वतः होऊन जेसीबी लावायचा नाही. आणि पोहायला तर अजिबात उतरायचं नाही. खाणीच्या खड्ड्याची कड सरळ तुटलेली असते, बाहेर यायला पाय ठेवायला जागा मिळत नाही.

आपलं बॉक्साईट वेगळ्या जातीचं. लाखो वर्षांच्या पावसानं खडकातलं जे जे विरघळण्यासारखं होतं ते धुऊन नेलं. मागं उरलं ते ॲल्युमिनियम आणि लोखंडाची न विरघळणारी संयुगं. गंधक जवळजवळ नाहीच, त्यामुळं आम्ल तयार होण्याची भानगडही नाही. तांबडा रंग लोखंडाच्या गंजाचा. तो पाण्यात विरघळलेला नसतो, बारीक चिकणमातीच्या कणांवर बसून तरंगत असतो. आण्णांच्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर हे: पाणी तांबडं आहे म्हणून त्यात विष आहे असं नाही. दुसरं अर्धं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. पाणी नितळ दिसतं म्हणून चांगलं आहे, असंही नाही. आम्लधर्मी पाण्यात विरघळलेले धातू डोळ्यांना दिसत नाहीत.

झऱ्याच्या तोंडाशी नारिंगी, बुळबुळीत थर आणि पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसला तर लगेच "ऑईल सोडलंय" म्हणून आरडाओरडा नको. तवंगाला काडी लावा. काचेसारखे तुकडे होऊन बाजूला गेले तर ते लोखंड खाणारे जिवाणू. जांभ्याच्या झऱ्यांत ते खाण नसतानाही असतात. काडीमागं तवंग पुन्हा जुळून आला तर मात्र तेल.

सामान

पीएच मीटर (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारं; ७ म्हणजे ना आम्ल ना अल्क, त्याखाली आम्ल), टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारं), एक लिटरच्या चार-पाच पारदर्शक बाटल्या, मीटर टेप, मोबाईलचं स्टॉपवॉच, दोन लिंबं, मच्छरदाणीचा तुकडा, फिल्टर पेपर, आणि सोनार वापरतात तसला खिशातला डिजिटल काटा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. कोल्हापुरात गुजरीच्या, म्हणजे सोनारांच्या पेठेच्या, आसपास सहज मिळतो. काट्याची गंमत पुढं येईल.

पीएच मीटरवर मात्र थोडं थांबतो, कारण मी तिथं तोंडघशी पडलोय. एका ग्रामसभेत मी छातीठोकपणे सांगितलं की ओढ्याचा पीएच ४.८ आहे, पाणी आम्लधर्मी आहे. दोन आठवड्यांनी लॅबचा आकडा आला ६.१. माझं मीटर उन्हाळाभर कपाटात कोरडं पडलं होतं आणि मी ते बफरला, म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणाला, न लावताच नेलं होतं. आता निघायच्या दिवशी सकाळी ४ आणि ७ च्या बफरला लावल्याशिवाय मी गाडीला किक मारत नाही. आणखी एक: सड्याचं पाणी फार 'पातळ' असतं, क्षार जवळजवळ नसतात. असल्या पाण्यात मीटरचा आकडा लवकर स्थिरावत नाही. दोन-तीन मिनिटं धीर धरा, पाणी हळू ढवळा, मगच लिहा. आणि ६ च्या आसपास आकडा आला तर दचकू नका. हवेतला कार्बन डायऑक्साईड विरघळल्यामुळं स्वच्छ पावसाच्या पाण्याचाच पीएच ५.६ च्या आसपास असतो.

कुठून आणि कधी

किमान पाच जागा पक्क्या करा. खाणीच्या वरचा ओढा किंवा ओहोळ; खाणीतून पाणी बाहेर पडतं ते ठिकाण; दोन्ही पाणी नीट मिसळल्यावर शंभरेक मीटर खाली; गावाच्या पिण्याच्या पाण्याची उपसा जागा; आणि त्याच सड्यावरून उतरणारा, पण खाणीचा संबंध नसलेला शेजारचा ओढा. पाचवी जागा लोक हमखास टाळतात, "तिकडं काय बघायचं" म्हणून. पण तीच तुमची मोजपट्टी. तोही ओढा तेवढाच तांबडा वाहत असेल तर दोष खाणीचा नाही. रस्त्याची कटिंग असेल, नांगरलेला उतार असेल.

वेळेचं म्हणाल तर पहिला जोरदार पाऊस चुकवायचा नाही. सहा-सात महिन्यांची सुटी माती त्या एका दिवसात खाली येते. मग जुलैच्या भर पावसात, गणपतीनंतर पाऊस ओसरताना, आणि मार्चमध्ये, जेव्हा ओढ्यात फक्त झऱ्याचं पाणी असतं. मार्चचा नमुना विरघळलेल्या धातूंची गोष्ट सांगतो, जूनचा गाळाची. एकच नमुना डिसेंबरात घेऊन "सगळं ठीक" असा शेरा मारलेले अहवाल मी पाहिलेत. ते खोटे नव्हते, पण निरुपयोगी होते.

बाटली भरताना

प्रवाहाकडं तोंड करून उभं राहा, म्हणजे पायानं उठलेला गाळ मागं जातो. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा. लॅबनं आतून ॲसिड घालून दिलेली बाटली असेल तर मात्र विसळायची नाही, तीत पाणी वरून ओतायचं. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली नको. जागा, तारीख, वेळ आणि आदल्या चोवीस तासांतला पाऊस तिथंच लिहा. घरी जाऊन आठवून लिहिलेलं चुकतं.

धातूंसाठी एका जागेवरून दोन बाटल्या घ्या. हा या लेखातला सगळ्यात उपयोगी सल्ला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लॅब धातू मोजण्याआधी नमुन्यात नायट्रिक ॲसिड घालते. गढूळ पाण्यात ॲसिड पडलं की तरंगणाऱ्या मातीतलंही ॲल्युमिनियम विरघळून आकड्यात येतं. बॉक्साईटच्या खाणीखालच्या मातीत ॲल्युमिनियम असणारच! असा आकडा प्रचंड येतो, गाव हादरतं, आणि समोरचा जाणकार दोन मिनिटांत तो मोडीत काढतो. म्हणून एक बाटली तशीच, आणि दुसरी ०.४५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्टरमधून जागेवरच गाळून. आधी गाळायचं, मग ॲसिड. उलट केलंत तर गाळून उपयोग नाही. लॅबला 'एकूण' आणि 'विरघळलेलं' असे दोन आकडे मागा. पहिल्यावरून ओढ्यात किती माती आली ते कळतं, दुसऱ्यावरून धातू खरोखर पाण्यात उतरलाय का ते.

गाळाचं गणित

इथं लिंबू लागतं. ओढ्याचा सरळ, दहा मीटरचा तुकडा निवडा आणि लिंबू सोडा. ते जवळजवळ बुडून तरंगतं, त्यामुळं वाऱ्यानं भरकटत नाही. समजा २५ सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.४ मीटर. रुंदी १.२ मीटर, चार-पाच ठिकाणी मोजलेल्या खोलीची सरासरी ०.१५ मीटर. तिन्हींचा गुणाकार ०.०७२. तळाशी पाणी हळू चालतं म्हणून त्याला ०.८ नं गुणा: ०.०५८ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ५८ लिटर. ओढ्याला पूर असेल तर आत उतरू नका, हे गणित दुसऱ्या दिवशी केलं तरी चालतं.

आता काटा काढा. कोरडा फिल्टर पेपर वजन करून त्यातून एक लिटर पाणी गाळा, पेपर पूर्ण वाळवा, पुन्हा वजन करा. आमच्या पोरांना हे काम फार आवडतं, सोनं तोलल्यासारखं तोलतात. सगळ्यात बारीक कण पेपरातून निसटतात, म्हणून आकडा थोडा कमीच येतो, पण तुलनेला पुरतो. समजा ०.४० ग्रॅम वाढले. सेकंदाला ५८ लिटर गुणिले ०.४ म्हणजे २३ ग्रॅम, तासाला सुमारे ८३ किलो, आणि पाणी असंच चाललं तर दिवसाला दोन टन माती. ग्रामसभेत मिलिग्रॅम प्रति लिटर म्हटलं तर माणसं जांभया देतात. "रोज एक ट्रॉली माती तुमच्या भाताच्या वाफ्यात येतीय" म्हटलं की पाठीमागची माणसं पुढं सरकतात.

तिसरी चाचणी सगळ्यात स्वस्त. गढूळ पाण्याची बाटली खिडकीत ठेवा आणि दहा मिनिटांनी, एका तासानं, दुसऱ्या दिवशी बघा. वाळू लगेच तळाला जाते, पोयटा तासाभरात. चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी तांबडंच ठेवते. यामागं साधं भौतिकशास्त्र आहे: २० मायक्रॉनचा कण एक मीटर खाली बसायला पाऊण तासाच्या आत-बाहेर वेळ घेतो, २ मायक्रॉनचा कण जवळजवळ तीन दिवस. वरच्या ५८ लिटरच्या ओढ्यासाठी हिशेब केला तर पहिल्या कणासाठी दीड गुंठ्याचा गाळतलाव कागदावर पुरतो. दुसऱ्यासाठी साडेतीन एकर लागेल. डोंगर-उतारावर साडेतीन एकर सपाट जागा कोण देणार? तुमची बाटली दुसऱ्या दिवशीही तांबडी असेल, तर नुसत्या तलावावर पैसे घालू नका. ती माती सुटायच्या आधीच धरली पाहिजे.

कोणी तरी "ओढ्यात तुरटी टाकू" म्हणणारच. हंड्यात तुरटी फिरवणं वेगळं. तुरटी स्वतःच ॲल्युमिनियमचा क्षार आहे, आणि ती पाण्याचा पीएच खाली ओढते. आपल्या पातळ पाण्यात ते सावरायला क्षारच नाहीत. पीएच ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळायला लागतं, माशांच्या कल्ल्यांवर बसतं. म्हणजे नसलेलं दुखणं आपणच विकत घ्यायचं.

दगड उलटा करून बघा

मीटर त्या क्षणाचं पाणी सांगतं. पाणकिडे गेल्या काही महिन्यांचं. मच्छरदाणी प्रवाहात आडवी धरा, वरच्या बाजूचे दगड हातानं चोळा, जे जाळीत आलं ते पांढऱ्या ताटात ओता. तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या, बारीक खड्यांचं घर बांधून राहणाऱ्या अळ्या, छोटे खेकडे मिळाले तर ओढा जिवंत आहे. खाणीच्या वर हे सगळं आणि खाली फक्त लाल गांडुळासारखे किडे, असं असेल तर लॅबच्या रिपोर्टची वाट बघायची गरज नाही. दगड उचलताना तो मातीत रुतलेला आहे का तेही बघा. दगडांमधल्या फटी गाळानं बुजल्या की अळ्यांना घर उरत नाही, पाण्यात धातूचा कणही नसला तरी.

रिपोर्ट हातात आल्यावर

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० हे आहे. त्यात पीएच ६.५ ते ८.५. गढूळपणा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक), दुसरा स्रोतच नसेल तर ५. ॲल्युमिनियम ०.०३ मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा स्रोत नसेल तर ०.२. सल्फेट २००. शिसं ०.०१, तिथं सवलत नाही. सल्फेट, म्हणजे गंधकाम्लाची खूण, शेजारच्या ओढ्यापेक्षा खूप जास्त आणि पीएच ४.५ च्या खाली, अशी जोडी दिसली तर प्रकरण गाळाचं नाही, आम्लाचं आहे. ते गावपातळीवर हाताळायचं नसतं. चुनखडीचे चर, पाणथळ जागा असे उपाय असतात, पण चुनखडीवर लोखंड-ॲल्युमिनियमचा थर बसला की तिचं काम बरंच मंदावतं. आराखडा तज्ज्ञाकडूनच घ्या.

ग्रामपंचायतीकडं जलजीवन मिशनचा तपासणी संच असतो, गावातल्या बायकांना त्याचं प्रशिक्षणही दिलेलं असतं. त्यांना सोबत घ्या. त्यांचा हात आपल्यापेक्षा बसलेला असतो. पण त्या संचावर ॲल्युमिनियमचा भरवसा ठेवू नका. त्यासाठी मान्यताप्राप्त लॅबच.

काम माथ्यावरून खाली

एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी, आणि आपल्या घाटमाथ्यावर एवढा पाऊस एका दिवसात पडतो. भर पावसात छत्री घेऊन खड्ड्याभोवती चालत एक फेरी मारा. पाणी कुठून आत येतंय ते डोळ्यांनी दिसतं, नकाशावर दिसत नाही. तिथं, कडेपासून सुरक्षित अंतर सोडून, खड्ड्याला वळसा घालणारा चर काढायचा. उतार हलका, शंभरात एक किंवा त्याहून कमी. तळाला दगड बसवलेला. आणि शेवट उघड्या कातळावर. सुट्या मातीवर सोडलात तर एक घळ बुजवून दुसरी खोदल्यासारखं होईल. चर खणण्याआधी दोन्ही बाजूच्या वाड्यांना विचारा. वळवलेलं पाणी कोणाच्या तरी ओढ्यात जाणार आहे. आणि काही खड्डे आता खालच्या झऱ्यांना पाणी पुरवतात. खड्डा बुजवला आणि मार्चमध्ये झरा आटला, तर शिव्या तुम्हालाच.

मग मातीचे ढीग. उभा ढीग कधीच स्थिर होत नाही. तीन फूट आडवं गेल्यावर एक फूट चढ इतका सौम्य उतार करून घ्या. पायथ्याला कोरड्या दगडांची भिंत, सिमेंटची नको, पाणी झिरपलं पाहिजे. उतारावर काथ्याची किंवा तागाची जाळी अंथरून वळवाच्या आधी गवताचं बी. वाळ्याची रोपं समपातळीत, दाट ओळीनं लावली तर गाळ अडतो. बाकी बी त्याच सड्यावरच्या गवताचं, दिवाळीनंतर गोळा केलेलं.

झाडांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. पाच जूनला फोटोसाठी सड्यावर निलगिरी नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावणारे भेटले की मी गप्प बसतो, पण मला राग येतो. सडा मुळात झाडांचा नाहीच. पावसाळ्यात तिथं वीतभर उंचीच्या वनस्पती येतात, त्यांतल्या काही तर किडे खाणाऱ्या, आणि त्यांतल्या बऱ्याच अशाच पातळ मातीवर जगतात. झाडं लावायची तर खालच्या उतारावर, तिथल्याच जातीची. आणि ढिगावर टाकायला शेजारच्या सड्याची माती खरवडून आणणं म्हणजे एक जखम भरायला दुसरी करणं.

हे सगळं झाल्यावर घळीत सुट्या दगडांचे छोटे बांध घाला, तेही वरून खाली. एक मोठा बांध फुटतो, वीस छोटे टिकतात. त्यांच्या खाली गाळतलाव, आणि तो दर मे महिन्यात उपसायचाच. उपसलेला गाळ काठावर टाकू नका, पहिल्याच पावसात परत आत जातो.

कागद आणि पैसा

सोडून दिलेली खाण म्हणजे बेवारस खाण नव्हे. पट्टाधारकानं, म्हणजे ज्याला खाणकामाचा परवाना मिळाला होता त्यानं, अंतिम खाणबंदी आराखडा देणं कायद्यानं बंधनकारक असतं. माहिती अधिकारात दोन गोष्टी मागा: भारतीय खाण ब्युरोकडून, ज्याचं मुख्यालय नागपूरला आहे, तो आराखडा, आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेकडून पट्ट्याची आजची स्थिती. आराखड्यात कबूल केलेली कामं आणि जागेवरचे फोटो शेजारी-शेजारी ठेवा. भाषण करावं लागत नाही.

खर्चासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी आहे, २०१५ च्या कायदा-दुरुस्तीनं आलेला. पिण्याचं पाणी आणि पर्यावरण हे त्यातले अग्रक्रमाचे विषय. ग्रामसभेचा ठराव करताना "ओढा शुद्धीकरण" असं ढोबळ लिहू नका. चराची लांबी, भिंतीचे मीटर, बांधांची संख्या, तपासणीचे आकडे लिहा. जमीन वनखात्याची असेल तर एक दगडही हलवण्याआधी त्यांची लेखी परवानगी. तोवर प्यायच्या पाण्याचा उपसा खाणीच्या वर किंवा शेजारच्या ओढ्यावर हलवता येतो का ते बघा. त्याला बहुतेक वेळा पाईपच लागतो.

पुढच्या पावसात

त्याच पाच जागा, तशाच बाटल्या. फक्त पाऊसही मोजा, नाहीतर कोरड्या वर्षाचं श्रेय चराला जातं. १०० मिलिमीटरच्या दिवसाची तुलना १०० च्या आसपासच्या दिवसाशीच करायची. पहिल्या पावसाळ्यात आकडा वाढला तरी घाबरू नका, नव्यानं हलवलेली माती एकदा धुतली जातेच. दुसऱ्या पावसाळ्यानंतर निकाल धरा.

आमच्या वाडीतल्या समाजमंदिरात एक फळी आहे. तिच्यावर दर वर्षीच्या जुलैची एकेक सीलबंद बाटली उभी असते, तळाचा तांबडा थर बाहेरून दिसेल अशी. आण्णा येता-जाता त्या थराला बाहेरून बोट लावून मोजतात. पहिल्या बाटलीत तो दोन पेरं होता, गेल्या जुलैच्या बाटलीत नखाएवढा आहे.